इंजिनापाशी उभा राहिलेला माणूस
(नौदल दिनानिमित्त दिलेल्या भाषणाचा पाठ)



डहाणूच्या खाडीत किंवा झाईच्या किनाऱ्यावर बोट लागते, तेव्हा काठावर उभ्या असलेल्यांना सुकाणूपाशी असलेला तांडेल दिसतो. इंजिनापाशी वाकलेला, तेलाने माखलेला माणूस मात्र सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. इंजिन बंद पडले तर भर लाटांत काय प्रसंग ओढवतो, हे या किनारपट्टीला सांगावयास नको. अशाच एका इंजिनवाल्याची ही कथा आहे.

दरवर्षी ४ डिसेंबरला नौदल दिन साजरा होतो. १९७१ च्या युद्धात त्या रात्री कराची बंदरावर झालेल्या हल्ल्याचे स्मरण त्या दिवशी सर्वत्र केले जाते. याच युद्धात पूर्वेकडील नद्यांच्या मुखांशी लहान लहान नौका लढत होत्या, त्यांचे नाव मात्र क्वचितच निघते. कलकत्ता बंदराच्या दोन बोटींवर तोफा बसवून ‘पद्मा’ आणि ‘पलाश’ या तोफनौका सिद्ध करण्यात आल्या. त्यांवर भारतीय नौदलाचे अधिकारी होते आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून मुक्तिवाहिनीचे बंगाली खलाशी काम करीत होते. त्यांच्यासमवेत भारतीय नौदलाची ‘पनवेल’ ही गस्तीनौका होती. आपल्या रायगड जिल्ह्यातील पनवेलचेच नाव तिला दिलेले होते. या तुकडीचे नेतृत्व कमांडर मोहन नारायणराव सामंत यांच्याकडे होते.

‘पलाश’च्या इंजिन-कक्षात मोहम्मद रुहुल अमीन हे तंत्रज्ञ काम करीत. ते नोआखाली जिल्ह्यातील एका खेड्याचे रहिवासी. १९५३ मध्ये ते पाकिस्तानी नौदलात दाखल झाले. १९७१ मध्ये आपल्याच बांधवांवर अत्याचार होऊ लागले, तेव्हा चितगावचे ठाणे सोडून ते मुक्तिवाहिनीस मिळाले. हाती असलेली इंजिनाची विद्या त्यांनी स्वातंत्र्याच्या कामी लावली.

१० डिसेंबर १९७१ रोजी मोंगला बंदर मागे टाकून या नौका खुलन्याच्या दिशेने निघाल्या. दुपारच्या सुमारास रूपसा नदीत असताना त्यांवर विमानांनी मारा केला. नौकांवर ओळखीची पिवळी खूण होती, तरीही भारतीय विमानांकडूनच ही चूक घडली. युद्धात असे अनर्थ घडतात, आणि ते झाकून ठेवल्याने हुतात्म्यांचा मान वाढत नाही. नौका सोडण्याचा आदेश झाला. रुहुल अमीन मात्र इंजिनापाशीच राहिले. इंजिन चालू राहिले तरच नौका वाचण्याची काही आशा होती. पुढच्या आघाताने ‘पलाश’ पेटली. जखमी अवस्थेत ते पाण्यात उतरले आणि पोहत तीरास लागले. तेथे रझाकारांनी त्यांची हत्या केली. ते रूपसेच्या काठीच चिरविश्रांती घेत आहेत.

बुडालेल्या नौकेवरील लीडिंग सीमन चिमण सिंग यांनी स्वतः जखमी असताना काठावरून होणारा गोळीबार अंगावर घेतला आणि सहकाऱ्यांना निसटण्यास वाव दिला. ‘पनवेल’ने शत्रूवरील मारा चालू ठेवला. पाण्यात तरंगणाऱ्या अनेकांना तिने उचलूनही घेतले. सामंत, ‘पनवेल’चे अधिपती लेफ्टनंट कमांडर नोरोन्हा आणि चिमण सिंग यांना महावीरचक्र प्रदान करण्यात आले. बांगलादेशाने सात हुतात्म्यांना ‘बीरश्रेष्ठ’ हा सर्वोच्च सन्मान दिला. त्यांपैकी नौदलाचे एकच, आणि ते म्हणजे इंजिन-कक्षातील रुहुल अमीन.

या सन्मानाचा अर्थ ध्यानी घेण्यासारखा आहे. एका नवोदित राष्ट्राने आपल्या नौदलाचा सर्वश्रेष्ठ वीर निवडला, तो तळाशी उभे राहून नौका चालविणाऱ्या माणसांतून. आपल्याकडे असे किती जण असतील! बोर्डी, घोलवड, डहाणू, झाई येथील दर्यावर्दी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर आहेत. तलासरीच्या पाड्यांवरील आदिवासी तरुण हंगामात गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. त्यांच्यातील काहींना सागरी सीमेवर पकडले जाऊन कराचीच्या तुरुंगात दिवस कंठावे लागले आहेत. समुद्रावर गेलेल्या माणसाचे नाव गावी कोठेच लिहिलेले नसेल, तर त्याचा शोध कोण घेणार आणि त्याची आठवण तरी कोण ठेवणार?

म्हणून प्रत्येक किनारी ग्रामपंचायतीने एक साधी वही ठेवावी. नौदलात, व्यापारी जहाजांवर वा मासेमारी बोटींवर गेलेल्या प्रत्येकाचे नाव, नौका आणि तिच्यावरील त्याचे काम तीत नोंदवावे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना घरोघरी पाठवून वृद्धांकडून ही माहिती मिळवावी. तांडेलाच्या नावाखाली इंजिनवाल्याचे आणि खलाशाचेही नाव यावे. त्यासाठी निधी लागत नाही, की वरिष्ठांच्या आदेशाची वाटही पाहावी लागत नाही.

रूपसेच्या काठी एका परक्या गावाने आपल्या हुतात्म्याची जागा राखली आहे. आपल्या गावाने निदान आपल्या माणसांची नावे राखावीत.