कामावरून का काढले?

गौरी-गणपती आटोपले की मालवणच्या एस. टी. स्थानकावर परतणाऱ्या चाकरमान्यांची गर्दी उसळते. माझ्या ओळखीचा एक तरुण एका वर्षी तापाने अंथरुणास खिळला आणि मुंबईला दहा दिवस उशिरा पोहोचला. कारखान्याच्या पहारेकऱ्याने त्याला आत सोडले नाही. मागाहून घरी कागद आला, ‘कामगाराने आपण होऊन नोकरी सोडली आहे.’ तो मला म्हणाला, “सर, मिया काम सोडूक नाय, माका गेटारच अडवल्यानी!”

‘सोडली’ आणि ‘सोडायला लावली’ यांत भाकरीचा फरक आहे. राज्य विमा महामंडळाने १ जुलै २०१८ पासून अटल विमित व्यक्ती कल्याण योजना सुरू केली. २०२० मध्ये तिच्यातील बेकारीचे साहाय्य सरासरी मजुरीच्या २५ टक्क्यांवरून ५० टक्के करण्यात आले. मुदत जास्तीत जास्त ९० दिवस. पण गैरवर्तनामुळे बडतर्फ झालेल्याला किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला ते मिळायचे नाही, अशी अट होती. म्हणजे मालकाने कारण काय लिहिले, यावर घरची चूल अवलंबून!

मग मालकाचा शब्द अखेरचा का? मुळीच नाही. यादव विरुद्ध जे. एम. ए. इंडस्ट्रीज हा खटला पाहा. आठ दिवसांहून अधिक गैरहजेरी म्हणून स्थायी आदेशांच्या आधारे त्या कामगाराचे नाव पटावरून कमी झाले. तो म्हणे, मी रोज जात होतो, मला गेटवरच अडवले. श्रम न्यायालयाने मालकाची बाजू उचलून धरली. पण १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, चौकशी न करता, माणसाचे म्हणणे न ऐकता त्याची उपजीविका काढून घेता येणार नाही. त्याला नोकरी परत मिळाली आणि मागील वेतनाचा निम्मा हिस्साही.

युनियन पाठीशी नाही म्हणून गप्प बसू नये. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९६५ साली २-अ हे कलम आले आणि एकट्या कामगारालाही बडतर्फीविरुद्ध दाद मागण्याची वाट मोकळी झाली. मात्र पुरावा आपणच जपावा लागतो. कोऱ्या कागदावर किंवा न वाचता राजीनाम्यावर सही करू नका. मालकाला ताबडतोब लेखी उत्तर पाठवा, पोचपावती सांभाळा. डॉक्टरची चिठ्ठी, पगाराची पावती, प्रवासाचे तिकीटसुद्धा ठेवा. आणि मुदत टळण्यापूर्वी श्रम अधिकाऱ्याकडे जा.

आमच्या त्या तरुणाने हे सारे केले आहे. निकाल अजून लागायचा आहे. पण ‘सोडली’ हा शब्द त्याने मान्य केलेला नाही, आणि न्यायाची सुरुवात तिथूनच होते.