सोनें धुण्याची मुभा

आपल्याकडचा झारेकरी सराफकट्ट्यावरील माती धुऊन सोन्याचे कण वेचतो, तें पोटासाठीं. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटांत मात्र सुटीच्या दिवशीं सुखवस्तु कुटुंबेंहि हेंच करतात, तें विरंगुळ्यासाठीं.

त्या देशांत भूमींतील सोनें सामान्यतः सरकारच्या मालकीचें. परवान्यावांचून तें काढणें हा गुन्हा. मग हौशी माणसानें जावें कोठें? त्याच्यासाठीं सरकारनें ओटागो, वेस्ट कोस्ट, नेल्सन व मार्लबरो या भागांत कांहीं क्षेत्रें राखून ठेविलीं आहेत. तेथें परवाना लागत नाहीं. सांपडेल तें सोनें सांपडणाराचें. अट एवढीच, कीं फावडें, चाळणी, परात अशीं हातानें चालणारीं साधनें वापरावीं, यंत्र नको. म्हणून पहिलें काम नदी शोधण्याचें नव्हे, तर त्या क्षेत्रांचा नकाशा पाहण्याचें.

दुसरें काम नदी ओळखण्याचें. वाळूहून सुमारें सातपट जड असलेलें सोनें प्रवाह मंदावतो तेथें बसतें: वळणाच्या आंतल्या बाजूस, मोठ्या धोंड्याआड, खडकाच्या भेगांत.

१८६१ सालीं गेब्रिएल रीड यास ओटागोंतील एका घळींत सोनें सांपडलें आणि हजारों लोक तिकडे लोटले. पुढें यंत्रांनीं नद्यांचीं पात्रें उपसलीं. रीडच्या नांवाची ती घळ आज हौशी लोकांना खुली आहे. दिवसअखेर परातींत चारदोन कणच उरतात. परंतु आपण खणलेला खड्डा बुजवून जो घरीं परततो, त्याच्यामुळेंच ही मुभा मागून येणारांस उरते.