पतसंस्थेचे खरे भांडवल : सेवकवर्ग
(नळदुर्ग येथे दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



पतसंस्थेचा विषय निघाला की ठेवी, कर्जे आणि थकबाकी यांचीच चर्चा होते. हा व्यवहार ज्यांच्या हातून होतो त्या सेवकवर्गाचा विचार मात्र क्वचितच होतो.

बँकेतील ठेवीस ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असून २०२० पासून त्याची मर्यादा ५ लाख रुपये आहे. पतसंस्थेतील ठेवीस ते लागू नाही. येथे ठेवीदाराचा विमा म्हणजे संस्थेतील माणसांचा प्रामाणिकपणा आणि दक्षता. म्हणून नोकरभरती हा संचालकांचा घरगुती प्रश्न राहू शकत नाही. नात्यागोत्याची शिफारस घेऊन आलेल्या उमेदवारालाही सर्वांप्रमाणे परीक्षा द्यावी लागली पाहिजे.

लहान गावातील शाखेत दोन-तीनच कर्मचारी असतात. पैसे घेणारा, नोंद करणारा आणि शिल्लक तपासणारा पुष्कळदा एकच असतो. अशा ठिकाणी चूक लपते आणि मोहही बळावतो. एकाने लिहावे, दुसऱ्याने तपासावे. ठरावीक काळाने कामे बदलावीत. प्रत्येकास वर्षातून काही दिवस सक्तीची रजा द्यावी, म्हणजे दप्तर दुसऱ्याच्या नजरेखालून जाते. संगणकाचा पासवर्ड सर्वांना ठाऊक असेल, तर नोंद कोणी केली हे कधीच सिद्ध होत नाही. ही शिस्त अविश्वासापोटी नाही. प्रामाणिक सेवकाचे रक्षण तीच करते.

पिग्मी प्रतिनिधी उन्हातान्हात दुकानोदुकानी फिरतो. ठेवीदाराच्या लेखी तोच संस्था असतो. संस्थेच्या लेखी मात्र तो केवळ कमिशनचा धनी. सिंडिकेट बँकेच्या प्रकरणात २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ठेवी गोळा करणाऱ्यांना कामगार मानले. त्या निकालाचा बोध पतसंस्थांनीही घ्यावा. त्याचा भरणा त्याच दिवशी जमा व्हावा, ठेवीदारांच्या पासबुकांशी मेळ वरचेवर घ्यावा, आणि त्याच्या आजारपणाची, म्हातारपणाचीही तरतूद करावी.

राज्याच्या सहकार कायद्यात २०१३ च्या दुरुस्तीने सभासद, अधिकारी व कर्मचारी यांच्या प्रशिक्षणाची तरतूद झाली. परंतु भिंतीवर प्रमाणपत्र लावले म्हणजे प्रशिक्षण पूर्ण झाले असे नाही. कर्जप्रकरणावर 'तारण अपुरे आहे' असा शेरा मारण्याचे धैर्य सेवकात यावे, हा त्याचा खरा हेतू होय.

शेवटी आपल्याच गावचे उदाहरण देतो. येथील किल्ल्यात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळी बोरी नदीवर बंधारा बांधला गेला. ज्याने पाणी अडवले, त्याने पुराला वाटही ठेवली. नर-मादी धबधबे आपण सारे पाहत आलो आहोत. संस्थेतही सेवकाच्या हरकतीला अशी वाट हवी. संचालकांच्या शब्दाविरुद्ध शेरा लिहिणाऱ्याची बदली होऊ लागली, की पुढचा सेवक मौन धरतो. आणि त्या मौनाची किंमत अखेर ठेवीदार मोजतो. तसे आपल्या गावी न घडो, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.