राबणे वेगळे, व्यायाम वेगळा



स्त्रियांनी व्यायाम करावा असे सुचविले की एक प्रश्न हमखास पुढे येतो : पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणाऱ्या बाईला आणखी व्यायाम कशाला हवा? हा प्रश्न वरवर रास्त वाटतो. घर, शेत आणि नोकरी अशा दुहेरी-तिहेरी जबाबदाऱ्या पेलणाऱ्या स्त्रीजवळ वेळ नसतो आणि दिवस मावळेपर्यंत अंगात त्राणही उरत नाही. परंतु श्रम आणि व्यायाम या भिन्न गोष्टी आहेत. चाळिशी ओलांडताना हा भेद ध्यानात घेतला नाही, तर त्याची किंमत स्त्रीला उतारवयात मोजावी लागते.

भारतीय स्त्रीची मासिक पाळी साधारणतः ४६-४७ व्या वर्षाच्या सुमारास कायमची थांबते. त्याबरोबर शरीरातील इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे प्रमाण घटते. हे संप्रेरक हाडांचे रक्षण करीत असते. ते कमी झाल्यावर पहिल्या काही वर्षांत हाडांची झीज झपाट्याने होते. वयानुसार स्नायूंचे बळ ओसरते, कमरेभोवती मेद साठतो आणि रक्तदाब, मधुमेह व हृदयविकार यांचा धोका वाढतो. हाडांची झीज दुखत नाही, म्हणून ती कोणाच्या लक्षात येत नाही. पुढे कधीतरी न्हाणीघरात पाय घसरण्याचे निमित्त होते, खुब्याचे हाड मोडते आणि आयुष्यभर घर सांभाळणारी स्त्री अंथरुणाला खिळते.

शस्त्रक्रियेने अंडाशय काढलेल्या स्त्रियांवर ही अवस्था अकाली ओढवते. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला आणि शासनाने चौकशीसाठी समिती नेमली. ज्यांचे अंडाशयही काढले गेले असतील, अशा भगिनींच्या हाडांकडे चाळिशीची वाट न पाहता लक्ष पुरविले पाहिजे.

आता श्रम आणि व्यायाम यांतील भेद पाहू. धुणे, भांडी, केरवारा, खुरपणी ही कामे बहुधा वाकून करावी लागतात. त्यांत कंबर व गुडघे यांच्यावर सतत ताण पडतो, तर इतर स्नायूंना पुरेसे काम मिळत नाही. पूर्वी जाते, उखळ आणि विहिरीचा रहाट यांनी निदान खांदे व दंड यांना काम दिले होते. गिरणी, मिक्सर आणि नळ आले, ते कष्ट सरले. ते परत यावेत असे कोणी म्हणणार नाही. मात्र त्यांच्याबरोबर शरीराला मिळणारे चलनवलनही गेले, ही वस्तुस्थिती आहे. व्यायामात सर्व अवयवांना मोजूनमापून काम मिळते व विश्रांतीही मिळते. हाडांवर योग्य भार पडला आणि स्नायूंनी त्यांना ओढ दिली, की हाडांची झीज मंदावते. तोल सुधारतो आणि पडण्याची भीती कमी होते. पाळी जाताना अंगातून येणाऱ्या गरम वाफांवर व्यायाम हा खात्रीचा उपाय नव्हे; परंतु झोप लागण्यास आणि मन प्रसन्न राहण्यास त्याचे साहाय्य होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम आणि निदान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम सुचविला आहे. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झपाझप चालणे. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग असावा. बळकटीसाठी ओट्यावरून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठावे-बसावे, भिंतीला तळहात टेकून ती रेटावी, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलाव्यात. तोल सुधारण्यासाठी भिंतीजवळ एका पायावर उभे राहावे. यासाठी पैसा लागत नाही.

काही पथ्ये मात्र पाळावयास हवीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. थोड्या चालण्यानेही धाप लागत असल्यास, छातीत दुखत असल्यास किंवा रक्तदाब वाढलेला असल्यास आरोग्य केंद्रात तपासणी करून मगच व्यायाम सुरू करावा. दिवसभर शेतात राबणाऱ्या स्त्रीने दमलेल्या अंगाने आणखी कष्ट करू नयेत. तिला पाठ ताठ करण्याच्या व अंग ताणण्याच्या हलक्या हालचाली आणि पोटभर सकस आहार यांची अधिक गरज आहे.

महाराष्ट्राच्या परंपरेला स्त्रियांचा व्यायाम परका नाही. भोंडल्याचा फेर मुली धरतात. मंगळागौरीच्या झिम्मा, फुगडी, पिंग्यात नवविवाहिता रात्र जागवितात. पण मंगळागौर लग्नानंतरची पहिली पाच वर्षे पूजली जाते. पुढे संसारात बुडालेल्या स्त्रीच्या वाट्याला खेळ फारसा येत नाही. चाळिशीची बाई रस्त्याने चालावयास निघाली, तर "हिला घरी कामे नाहीत काय?" अशी कुजबुज होते. या कुजबुजीपायी अनेकजणी उंबरठ्याच्या आतच राहतात.

म्हणूनच हे काम एकट्या स्त्रीवर सोपवून भागणार नाही. ग्रामसभेपूर्वी भरणाऱ्या महिलांच्या सभेत हा विषय घेता येईल. शाळेचे पटांगण सायंकाळी तासभर मोकळे ठेवणे मुख्याध्यापकांना अवघड नाही. गावाबाहेरच्या रस्त्यावर दिवे लावणे पंचायतीच्या हाती आहे. बचत गटाची बैठक पंधरा मिनिटांच्या व्यायामाने सुरू करता येईल. दहाजणी मिळून निघाल्या, की कुजबुज आपोआप थांबते. आणि त्या अर्ध्या तासात चुलीकडे कोण पाहणार, याचे उत्तर घरातील पुरुषांनी आणि मुलांनी द्यावयाचे आहे.

सत्तराव्या वर्षी स्वतःच्या पायांनी पाणवठ्यापर्यंत, देवळापर्यंत, लेकीच्या घरापर्यंत जाता यावे, एवढीच या स्त्रीची अपेक्षा असते. ती पूर्ण होण्याची तयारी आज, पंचेचाळिसाव्या वर्षी व्हावयास हवी.