जुन्या मोटारीचें मूळ इंजिन कसें ओळखावें?



जुन्या मोटारी जपण्याचा नाद पूर्वीं संस्थानिकांचा व धनिकांचा समजला जात असे. आतां तसें राहिलेलें नाहीं. आमच्या धरमपेठेंतहि एखाद्या बंगल्याच्या पडवीपाशीं ताडपत्रीखालीं झांकलेली फियाट दिसते, एखाद्या अंगणांत जीप उभी असते. वडिलांनीं घेतलेली गाडी मुलानें मोडींत घातली नाहीं, एवढ्याच कारणानें ती उरलेली असते. मालकाला विचारावें तर तो अभिमानानें सांगतो, "सगळें ओरिजिनल आहे." हा शब्द आतां आपल्या मिस्त्रींनींहि आपलासा केला आहे. परंतु ओरिजिनल म्हणजे नक्की काय, आणि तें सिद्ध कसें करावयाचें, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. त्याविषयीं आज चार गोष्टी आपणांस सांगाव्या असा माझा विचार आहे.

हा प्रश्न केवळ हौसेचा नाहीं. २०२१ सालीं केंद्र सरकारनें मोटार वाहन नियमांत जुन्या गाड्यांसाठीं स्वतंत्र तरतूद केली. पहिल्या नोंदणीस पन्नास वर्षें होऊन गेलेली, आणि जिच्या चासींत, सांगाड्यांत वा इंजिनांत मोठा फेरफार झालेला नाहीं, अशी दुचाकी वा चारचाकी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदतां येते. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये फी पडते, ती दहा वर्षें चालते, आणि नव्यानें मिळणाऱ्या क्रमांकांत 'व्हीए' हीं अक्षरें असतात. म्हणजे गाडीचें इंजिन मूळचें आहे कीं नाहीं, या प्रश्नाला आतां कायद्याचेंहि महत्त्व आलें आहे. बाजारभावाचें महत्त्व तर होतेंच.

मी जन्मभर इतिहास व गणित शिकवीत आलों. त्यामुळें या प्रश्नाकडे पाहतांना मला ताम्रपटांची आठवण होते. आमच्या नागपुरांत महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं वाकाटकांचे ताम्रपट वाचले व संपादिले. त्यांचा तो ग्रंथ १९६३ सालीं प्रसिद्ध झाला. ताम्रपट हातीं आला कीं अभ्यासक त्यांतील मजकुरावर लगेच विश्वास टाकीत नाहींत. लिपि त्या काळची आहे काय, राजाचें नांव व वर्ष जुळतें काय, मुद्रा त्याच घराण्याची आहे काय, जुनीं अक्षरें ठोकून बुजवून त्यांवर नवीं कोरलेलीं नाहींत ना, हें सर्व ते पडताळून पाहतात. मोटारीच्या बाबतींतहि नेमकी हीच रीत आहे. कागद काय सांगतात, धातूवरील अंक काय सांगतात, आणि प्रत्यक्ष वस्तु काय सांगते, अशा तीन साक्षी घ्यावयाच्या, आणि तिघांची एकवाक्यता झाली तरच निकाल द्यावयाचा.

पहिली साक्ष कागदाची. नोंदणीपुस्तकांत, ज्याला आपण आर. सी. बुक म्हणतों, चासी क्रमांक व इंजिन क्रमांक असे दोन वेगळे अंक असतात. जुन्या पुस्तकांत मालकी कोणाकडून कोणाकडे गेली याचीहि वंशावळ असते. विदर्भांतील जुन्या गाड्यांविषयीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. नागपूर १९५६ पर्यंत मध्यप्रदेशची राजधानी होतें. त्यानंतर हा भाग द्विभाषिक मुंबई राज्यांत आला, आणि १९६० सालीं महाराष्ट्र झाला. तेव्हां १९५६ पूर्वीं येथें नोंदलेल्या गाडीच्या कागदांवर निराळ्या राज्याची खूण आढळली, तर संशय घेण्याचें कारण नाहीं. उलट ती खूण नसली तरच विचारपूस करावी.

दुसरी साक्ष अंकांची. इंजिनावर दोन प्रकारचे अंक असतात, आणि त्यांची गल्लत करणारे लोक पुष्कळ. एक प्रकार ओतीव अंकांचा. लोखंड सांच्यांत ओततांनाच ते उमटतात, म्हणून ते पृष्ठभागावर उठून दिसतात. एकाच सांच्यांतून निघालेल्या शेंकडों इंजिनांवर हाच अंक असतो. तो इंजिनाची जात सांगतो, व्यक्ति सांगत नाहीं. दुसरा प्रकार ठोकीव अंकांचा. इंजिन तयार झाल्यावर सपाट केलेल्या जागेवर ठशानें ते ठोकतात, म्हणून ते खोलगट असतात. हा अंक त्या एकाच इंजिनाचा. नोंदणीपुस्तकाशीं जुळवावयाचा तो हा.

या विद्येंत अमेरिकेंतील लोकांनीं फार प्रगति केली आहे. १९६४ सालीं तिकडे पाँटिॲक कंपनीनें जी. टी. ओ. नांवाची गाडी काढली. मध्यम आकाराच्या गाडींत ३८९ घन इंचांचें, म्हणजे सुमारें ६४०० घन सेंटिमीटरचें, प्रचंड इंजिन बसविलेलें. अशा दांडग्या गाड्यांना तिकडे 'मसल कार' म्हणतात. गंमत अशी कीं, १९६४ व १९६५ या दोन सालीं जी. टी. ओ. ही स्वतंत्र गाडी नसून ल मान्स नांवाच्या साध्या गाडीवर मागणीप्रमाणें चढविलेला साज होता. त्यामुळें गाडीच्या क्रमांकावरून ती जी. टी. ओ. आहे कीं साधी आहे, हें कळतच नाहीं. कारखान्याचे जुने कागद पाहावे लागतात. १९६६ पासून मात्र क्रमांकाच्या आरंभीं २४२ हे अंक आले आणि प्रश्न सुटला. फोर्डच्या मस्टँग गाडींत क्रमांकांतील पांचवें अक्षरच इंजिनाची जात सांगतें. शेव्हरोलेच्या इंजिनावर ओतल्याची तारीखहि असते: महिन्यासाठीं एक अक्षर, मग दिवस, मग सालाचा शेवटचा अंक. यावरून एक सोपा नियम निघतो. इंजिन आधीं ओतलें जातें, मग जुळविलें जातें, मग गाडींत बसतें. ओतल्याची तारीख गाडीच्या जन्मतारखेनंतरची निघाली, तर तें इंजिन त्या गाडीचें नव्हे. मुलाच्या आधीं बाप जन्मला पाहिजे, इतकें हें सरळ आहे.

आतां आपल्या घरच्या गाडीकडे वळूं. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली आणि मुंबईस कुर्ल्याला तिचा कारखाना उभा राहिला. पुढें इटलीच्या फियाट कंपनीशीं करार होऊन ११०० जातीची गाडी येथें तयार होऊं लागली. तिची गोलाकार पहिली आवृत्ति आपल्या लोकांत 'डुक्कर फियाट' म्हणून प्रसिद्ध झाली. तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडतात. बिजागऱ्या मागच्या बाजूला असतात. १९६४ सालीं 'डिलाइट' आली, तिचे दरवाजे नेहमींसारखे. १९७२ सालीं हीच गाडी 'प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ सालीं 'पद्मिनी'. म्हणून १९६८ सालच्या गाडीवर 'पद्मिनी' असें नांव दिसलें, तर तें नांव तरी मागाहून लाविलेलें आहे, असें निःशंक समजावें.

या फियाटला निराळा चासी नसतो. सांगाडा आणि तळ एकजीव असतात. म्हणून तिचा चासी क्रमांक अंगावरच्या पत्र्यावरच असतो. तो पत्रा कापून दुसरा जोडला असेल तर गाडीची ओळखच बदलली. जोडाच्या ठिकाणीं झाळकाम, लांबी किंवा रंगाचे जाड थर दिसतात काय, हें बोटांनीं चाचपून पाहावें.

तिसरी साक्ष वस्तूची, आणि येथें शाळेंतलें गणित उपयोगीं पडतें. या गाडीच्या भारतीय इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि दट्ट्याची धांव ७५ मिलिमीटर. त्रिज्या ३.४ सेंटिमीटर, तिचा वर्ग ११.५६, त्याला ३.१४१६ नें गुणलें कीं क्षेत्रफळ ३६.३२ येतें. धांव साडेसात, सिलिंडर चार. गुणाकार सुमारें १०८९ घन सेंटिमीटर. आतां इटलींत बनलेल्या ११०० डी या गाडीचा व्यास ७२ आणि धांव तीच ७५. तिचें माप १२२१ येतें. बाहेरून भावंडें वाटणारीं हीं इंजिनें अशीं मापानें वेगळीं पडतात. दुरुस्तीसाठीं इंजिनाचें डोकें उतरविलें असेल, त्या दिवशीं मिस्त्रीकडून व्यास मोजून घ्यावा. एक सावधगिरी मात्र हवी. झिजलेलीं सिलिंडरें घांसून मोठीं करण्याची रीत आहे. व्यास ६८.४ झाला तर माप ११०२ येईल. तें इंजिन परकें नव्हे. तेंच वय झालेलें इंजिन आहे.

अँबॅसडरचेंहि असेंच. अगदीं पहिल्या गाड्यांत बाजूला झडपा असलेलें १४७६ घन सेंटिमीटरचें इंजिन होतें. १९५९ पासून वर झडपा असलेलें १४८९ चें आलें. पुढें या गाड्यांतून डिझेल इंजिनें बसविण्याची लाटच आली. पेट्रोल महाग, डिझेल स्वस्त. त्या काळीं तें व्यवहाराला धरूनच होतें.

इंजिनाप्रमाणें साजहि पाहावा. फियाटचा गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबावर असतो; तो जमिनींतून वर आलेला असेल तर तो कोणत्या सालीं व कां आला, हें विचारावें. चारी चाकांना ड्रम ब्रेक असतात. जुन्या गाडीचा डायनामो काढून त्या जागीं आल्टरनेटर बसविलेला पुष्कळदां आढळतो. कांचेवरील छाप, दिव्यांवरील नांवें, कार्बुरेटरवरील अंक, हीं सर्व लहान लहान साक्षीदारें आहेत. टायर मूळचे कधींच नसतात. त्यांना साक्षीस बोलावूं नये.

जीपच्या बाबतींत तर हा शोध फारच मनोरंजक होतो. दुसऱ्या महायुद्धांत विलिज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनीं एकाच आराखड्यावर मिळून सहा लक्षांहून अधिक जीप बनविल्या. फोर्डनें आपल्या भागांवर ठिकठिकाणीं 'एफ' हें अक्षर उमटविलें. पुढच्या बाजूचा आडवा दांडा विलिजच्या गाडींत नळीसारखा गोल असतो, फोर्डच्या गाडींत उलट्या पन्हाळीसारखा. परंतु दोघींचे भाग एकमेकींना बसत, आणि लष्करी कारखान्यांत दुरुस्तीच्या वेळीं हातीं येईल तें इंजिन चढवीत. त्यामुळें विलिजच्या सांगाड्यांत फोर्डचें इंजिन मिळालें, तर तो कोणा लबाडाचा उद्योग असेलच असें नाहीं. तो त्या गाडीचा युद्धांतला इतिहासहि असूं शकेल.

येथें मुख्य मुद्दा येतो. इंजिन बदललें यांत लाज कांहींच नाहीं. लाज बदल लपविण्यांत आहे. आमच्या भागांतील एका गृहस्थांवर मध्यंतरीं असा प्रसंग आला. वडिलांची १९६८ सालची फियाट विकावयाची होती. बहिणीच्या शस्त्रक्रियेसाठीं पैसे हवे होते. गिऱ्हाईकानें चांगली किंमत सांगितली, पण इंजिनाचा अंक पुस्तकाशीं जुळेना. एका दलालानें उपाय सुचविला: अंक घांसून टाकूं, पुस्तकांतला ठोकून देऊं, एका दुपारचें काम. गृहस्थ माझ्याकडे आले व म्हणाले, "गुरुजी, गाडी आमचीच, इंजिनहि आमच्याच पैशाचें. यांत कोणाचें काय नुकसान?"

मीं त्यांना सांगितलें, "तुमची अडचण खरी आहे, पण खोटा ठसा त्या अडचणींत भर घालील." असा ठसा कायद्यानें गुन्हा आहेच, शिवाय तो लपतहि नाहीं. कारखान्यांत सपाट केलेल्या धातूवर यंत्राच्या बारीक समांतर रेघा असतात. घांसल्यावर त्या नाहींशा होतात. हातानें ठोकलेले अंक वेडेवांकडे बसतात, त्यांची खोली सारखी नसते. जाणत्याच्या डोळ्यांना तें भिंगाशिवाय दिसतें. आणि एकदां तो ठसा उघडकीस आला, म्हणजे गाडीचे खरे भागहि खोटे ठरतात.

आम्हीं मग त्यांच्या वडिलांची ट्रंक उघडली. विम्याच्या पावत्यांखालीं १९८३ सालचें गॅरेजचें बिल सांपडलें. त्यावर बसविलेल्या इंजिनाचा क्रमांक स्वच्छ अक्षरांत होता. जुन्या इंजिनाला तडा गेल्यामुळें तें बदललें, असेंहि लिहिलें होतें. नोंद करावयाची तेवढी राहून गेली होती. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्यें अशा फेरफाराविषयीं तरतूद आहे. गृहस्थांनीं बिल जोडून परिवहन कार्यालयांत अर्ज दिला आणि गिऱ्हाईकालाहि तें दाखविलें. गिऱ्हाईकानें किंमत पुष्कळ उतरविली. गृहस्थांनीं ती घेतली, आणि राहिलेली तूट घरांतलें सोनें गहाण टाकून भागविली. सचोटीचें बक्षीस लगेच पदरांत पडतें, असें मी विद्यार्थ्यांनाहि कधीं सांगितलें नाहीं.

तेव्हां ज्यांच्या घरीं जुनी गाडी आहे, त्यांना माझी एवढीच विनंति आहे. या रविवारीं बॉनेट उघडा. इंजिनाचा व चासीचा अंक रंग न खरवडतां, ओल्या फडक्यानें पुसून वाचा, त्याचें छायाचित्र घ्या आणि पुस्तकाशीं ताडून पाहा. अंक जुळला तर उत्तम. न जुळला तर तो केव्हां व कां बदलला, हें घरांतील वडील माणसांना विचारून एका वहींत लिहून ठेवा. हीं माणसें आहेत तोंवरच हें कळण्यासारखें आहे. जुन्या देवळाचा जीर्णोद्धार झाला म्हणजे कोणी, कोणत्या शकांत, काय बांधलें, याचा दगड भिंतींत बसवितात. देऊळ त्यानें उणें होत नाहीं. आपल्या गाडीच्या वहीचेंहि तसेंच समजावें.