खांबात बळ किती उरले?
(महोत्सवप्रसंगी सचिन येथे दिलेले व्याख्यान)



दिनांक ६ जुलै २०२४ रोजी आपल्या सचिनच्या पाली भागात एक बहुमजली इमारत कोसळली आणि सात माणसे दगावली. ती इमारत जेमतेम सात-आठ वर्षांची होती. तेव्हा 'इमारत नवी आहे, भीती नाही' ही समजूत आपण सोडून दिली पाहिजे. त्या दुर्घटनेचा न्याय करण्यास मी उभा नाही. घरचा खांब कसा पाहावा, एवढेच सांगावयाचे आहे.

खांबावरील भार मुख्यतः काँक्रीट पेलते. उभ्या सळ्या त्यास साथ देतात आणि रिंगा त्या सळ्यांना बाहेर फाकू देत नाहीत. ओल आत शिरली की सळई गंजते. गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापतो. म्हणून सळईच्या रेषेने उभी चीर पडते आणि पुढे काँक्रीटचा थर सुटतो.

आता हिशेब पाहा. ३०० मिलिमीटर चौरस खांबाचा चारी बाजूंनी ४० मिलिमीटर थर निखळला, तर २२० मिलिमीटरचा गाभा उरतो. क्षेत्रफळ ९०,००० चौरस मिलिमीटरवरून ४८,४०० वर येते. म्हणजे जवळजवळ निम्मे गेले! १६ मिलिमीटरची सळई गंजून १४ झाली, तर तिचे सुमारे पाव बळ गेले.

तपासनीस प्रथम हातोडीने ठोकून पोकळ आवाज ऐकतो. रिबाउंड हॅमर पृष्ठभागाचा कठीणपणा सांगतो. परंतु हवेतील कार्बनवायूने जुने पृष्ठ कठीण झालेले असल्यास तो फसवतो. म्हणून ध्वनिलहरींचा वेगही मोजतात. सेकंदास ३ किलोमीटरहून कमी वेग हे वाईट लक्षण होय. फिनॉल्फ्थॅलिनचे द्रावण शिंपडले असता निरोगी काँक्रीट गुलाबी होते. शंका उरल्यास गाभ्याचा नमुना काढून प्रयोगशाळेत दाबून पाहतात. शेवटी उरलेले बळ आणि प्रत्यक्ष भार यांचा मेळ घालतात. त्यात मागाहून चढविलेला मजला आणि पाण्याची टाकीही धरावी लागते.

चिरेवर गिलावा फासणे म्हणजे दुखणे झाकणे. टेकू दिल्यावाचून खांब फोडू नये. तिरपी चीर वाढत असेल, वा सळ्या वाकून बाहेर आल्या असतील, तर सामानाचा मोह न धरता घर रिकामे करावे.

दुर्घटनेनंतर मदत देणे हे पुण्यकर्म खरेच. परंतु भाडेकरू कामगाराच्या घराची तपासणी पावसाळ्यापूर्वी करून देणे, हेही धर्मादाय कार्यच आहे. विश्वस्तांनी त्याचा अवश्य विचार करावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.