दिवा आणि पतंग

नाशकांत मृगाची पहिली सर पडून गेली, कीं त्या रात्रीं गंगापूर धरणाकडील एखाद्या ओसरीवरच्या दिव्याभोंवतीं पंख फुटलेल्या वाळवीचा थवा जमतो. त्यांतील एकाचें मोठें छायाचित्र घ्यावयाचें, तर कॅमेरा अगदीं जवळ न्यावा लागतो. प्रतिमा मूळ कीटकाएवढी उमटविली, कीं स्पष्ट दिसणारा भाग जेमतेम मिलिमीटरभर उरतो. डोळा रेखीव आला, तर पंख धूसर होतो. म्हणून भिंगाचें छिद्र लहान करावें लागतें आणि उजेड अधिक लागतो.

येथेंच प्रश्न उभा राहतो. पतंग प्रेमानें दिव्यावर झेप घेतो, असें कविजन सांगत आले. परंतु सन २०२४ मध्यें लंडनच्या इंपीरियल कॉलेजांतील संशोधकांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अतिवेगवान कॅमेऱ्यांनीं टिपून निराळेंच दाखविलें. बहुतेक कीटक उडतांना पाठ उजेडाकडे ठेवितात. रात्रींहि आकाश जमिनीहून उजळ. त्यावरून त्यांस वरची बाजू कळते. दिवा जवळ आला, कीं पाठ त्याच्याकडे वळते आणि ते तेथेंच घिरट्या घालीत अडकतात. तें प्रेम नव्हे, दिशाभूल होय.

वाळवीला तर त्याच रात्रीं जोडीदार गांठून, पंख टाकून, जमिनींत नवें घर वसवावयाचें असतें. म्हणून मी आतां दोन-चार छायाचित्रें घेतांच दिवा मालवितों. चित्र आपणांस मिळालें. रात्र त्यांची त्यांस परत द्यावी.